आमच्या घरची यादी

खूप दिवसांनी इथे लिहितेय. मधे काय काय झालं ते पुन्हा कधीतरी. आज एका भांडणाबद्दल लिहायचंय. भांडण अजून पेटलेलं नाही, कारण मी ग्रुपवर उत्तरच दिलेलं नाही. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर उत्तर द्यायचं म्हणजे चार ओळींत द्यायचं, आणि पाचव्या मिनिटाला त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन पडतो. म्हणून इथे सविस्तर. आजोळची बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे (प्रतिक्रिया कुणी देत नाही, फोनवर मात्र "वाचलं हो तुझं" एवढं म्हणतात). तर हे मुख्यतः त्यांच्यासाठी. बाकीच्या नेहमीच्या वाचकांनी आमच्या घरात डोकावायला हरकत नाही.

झालं असं, की गेल्या आठवड्यात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या मामेभावाने, ग्रुपवर एक निवेदन टाकलं. भारत सरकारकडे लैंगिक गुन्हेगारांची जी राष्ट्रीय यादी आहे ती सगळ्यांसाठी खुली करा. नाव, फोटो, पत्ता, सगळं कुणालाही बघता आलं पाहिजे, 'अमेरिकेत आहे तसं'. खाली सह्या. वर दादाने लिहिलं होतं, "आपली बाई तिथेच राहते. किती उपयोग होतो ते तीच सांगेल." पंधरा मिनिटांत अकरा जणांनी सही केल्याचं कळवलं. मावशीने लिहिलं, "अशांना भर चौकात उभं केलं पाहिजे." एका भाच्याने चौकात उभं करून पुढे काय केलं पाहिजे तेही लिहिलं, ते इथे देत नाही.

मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. दादा, तू विचारलंस म्हणून सांगते.

आधी ती यादी काय आहे ते बघू. २० सप्टेंबर २०१८ ला केंद्रीय गृहखात्याने ती सुरू केली. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पॉक्सो आणि छेडछाड यांत दोषी ठरलेल्यांची नावं तिच्यात आहेत, २००५ पासूनची. सुरुवातीलाच ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती फक्त पोलिसांना आणि तपास यंत्रणांना बघता येते. म्हणजे यादी आहेच. भांडण आहे ते तिचं दार सगळ्यांना उघडायचं की नाही यावर.

आता 'अमेरिकेत आहे तसं' म्हणजे कसं. योगायोग असा, की ज्या गावावरून हे सगळं सुरू झालं ते हॅमिल्टन टाउनशिप न्यू जर्सीतच, आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत आहे. तिथे २९ जुलै १९९४ ला मेगन कांका नावाच्या सात वर्षांच्या मुलीला समोरच्या घरातल्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून आत नेलं. ती परत आली नाही. त्या माणसाला आधी दोनदा अशाच गुन्ह्यांत शिक्षा झाली होती, आणि त्या घरात त्याच्याबरोबर राहणारे दोघेही तसेच शिक्षा भोगून आलेले होते. गल्लीत कुणाला याचा पत्ता नव्हता. मेगनच्या आईवडिलांनी रान उठवलं. तीन महिन्यांत, ३१ ऑक्टोबरला, राज्याचा कायदा झाला, १९९६ मध्ये देशाचा झाला, आणि २००० साली इथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ही माहिती इंटरनेटवर टाकायची वाट मोकळी केली. 'आम्हाला आधी माहीत असतं तर', हे त्या आईचं वाक्य खोडून काढायची माझी हिंमत नाही. समोरच्या घरात कोण राहतो हे तिला कळायलाच हवं होतं.

मीसुद्धा ते वाक्य मनात धरूनच इथे राहायला आले. २०११ मध्ये हे घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरातली खोकी फोडायच्या आधी मी लॅपटॉप उघडला होता. कुकर सापडत नव्हता, पण यादी सापडली. दोन रस्ते सोडून एक माणूस. फोटो, उंची, वजन, गाडीचा रंग. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती. त्या दिवसापासून सात वर्षं आम्ही बागेत जायला लांबचा रस्ता धरला. तो माणूस मला दोनदाच दिसला, दोन्ही वेळा गवत कापताना. मग एक दिवस यादीत त्याचं नाव नव्हतं. वारला, घर सोडून गेला, की कोर्टाने नाव काढलं, कुणास ठाऊक. आम्ही तरीही लांबूनच जात राहिलो, सवयीने.

आणि त्याच २०११ च्या उन्हाळ्यात मी लेकीला घेऊन साताऱ्याला आले होते. आठवतंय ना सगळ्यांना? मी तिला खालीच ठेवत नाही म्हणून तुम्ही सगळे हसला होतात. पाच वर्षांची घोडी कडेवर घेऊन मी मोरीत जायचे, अंगणात जायचे, ताटावर बसायचे. "अमेरिकेत पोरांना जमिनीवर ठेवायची बंदी आहे का गं?" असं मामी म्हणाली होती. ओसरीवर त्या दिवशी कोण चहा पीत बसलं होतं, तेही आठवतंय का?

नातं लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि ओळखणारे बरेच आहेत.

तुम्हाला सरकारची यादी हवी आहे. आपल्या घरात एक यादी होती आणि ती आजीकडे होती. कुठे लिहिलेली नव्हती. तिच्यात एकच नाव होतं आणि ते कधी उच्चारलं जायचं नाही. उच्चारले जायचे ते नियम. दुपारी माडीवर जायचं नाही. ते आले की मुलींनी आत येऊन लसूण सोलायला बसायचं. गाडीतून जायचं असेल तर मुलींनी आईच्या पलीकडे, खिडकीशी बसायचं. गोळ्या दिल्या तर घ्यायच्या, पण सगळ्यांच्या देखत. मे महिन्यात ओसरीवर सगळ्यांच्या गाद्या एका रांगेत पडायच्या, तेव्हा मुली मधे आणि आजी कडेला. त्यांची गादी ज्या बाजूला असेल त्या कडेला. मला वाटायचं आजीला वारा लागतो म्हणून ती तिथे झोपते. आजी रात्रभर कूस बदलायची. आता मी स्वतः पन्नाशीला आले तेव्हा कळतंय, की ती झोपतच नसावी.

त्या यादीतलं एकही कलम त्या माणसासाठी नव्हतं हे बघा. त्याला माडीवर जायला बंदी नव्हती, यायला-जायला बंदी नव्हती, गोळ्या आणायला नव्हती. सगळी कलमं नऊ-दहा वर्षांच्या मुलींना लागू. नोंद त्याची, आणि हजेरी आमची.

१९८४ च्या मे महिन्यात मी ते पहिलं कलम मोडलं. मी नऊ वर्षांची होते. माडीवर कॅरमचा बोर्ड होता. पुढचं लिहिणार नाही, लिहायची गरज नाही. आईला सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं, माझी वेणी सोडून पुन्हा घातली (ती सुटलेली नव्हती) आणि म्हणाली, "दुपारी वर जायचं नाही सांगितलं होतं ना." दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने पुण्याला परत आलो, ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधी. स्टँडवर सोडायला तिघं आले होते आणि त्या तिघांना आपण लवकर का चाललोय हे माहीत होतं. पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. ओसरीवर गाद्या, मुली मधे, आजी कडेला.

दादाच्या निवेदनावर ज्या अकरा सह्या पडल्या, त्यांत त्या तिघांच्या सह्या आहेत.

आता मी तेवढी स्वच्छ आहे असं कुणाला वाटत असेल तर तेही सांगून टाकते. आजी गेल्यावर तिचे नियम तिच्याबरोबर गेले. नव्या सुना आल्या, त्यांना ते कुणी सांगितलेच नाहीत. तोपर्यंत मी मोठी झाले होते, पगार मिळवत होते. घरात लहान मुली होत्या, आणि मी गप्प बसले. माझ्यानंतर आणखी एक आहे. ती कोण, किती लहान, कोणत्या वर्षीची, काही लिहिणार नाही. तो माणूस २०१४ मध्ये वारला, त्यानंतर दोन वर्षांनी तिचा रात्री फोन आला आणि तिने एवढंच विचारलं, "ताई, तुला पण?" हे सगळं तिला विचारून लिहितेय. माझ्या डोक्यातली यादी मी वेळेवर उघडली असती तर तिला तो फोन करावा लागला नसता. त्यामुळे या विषयावर मी कोर्टासमोर उभी राहिले तर कोणत्या बाजूला उभी राहीन, हे मला नक्की सांगता येत नाही.

मग तर तू सही करायलाच हवी, असं दादा म्हणेल. म्हणून आता यादीकडे येते.

इथल्या न्यायखात्याने २००० साली एक अहवाल काढला होता. पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांमधल्या लहान मुलांपैकी अनोळखी माणसाने त्रास दिलेली ७ टक्के. बाकीची घरातली नाहीतर ओळखीच्यांनी. न्यूयॉर्क राज्यात १९८६ ते २००६ अशा एकवीस वर्षांतल्या अटका तपासून २००८ मध्ये एक अभ्यास आला. लैंगिक गुन्ह्यात अटक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांना आधी अशा गुन्ह्यात शिक्षा झालेलीच नव्हती. म्हणजे ते यादीत असणंच शक्य नव्हतं! त्याच वर्षी खुद्द न्यू जर्सीच्या तुरुंग खात्याने आणि रटगर्स विद्यापीठाने मेगनच्या कायद्याचा हिशेब मांडला. कायद्याने पीडितांची संख्या कमी झाल्याचं काही दिसलं नाही. ज्या राज्यात कायदा जन्मला त्याच राज्याने हे सांगितलं, हे विशेष.

आणि हो, 'हे लोक पुन्हा पुन्हा करतातच, ऐंशी टक्के करतात', हे वाक्य ग्रुपवरही आलं. हा ऐंशीचा आकडा इथल्या सुप्रीम कोर्टातही २००२ मध्ये न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालात येऊन बसला होता. नंतर लोकांनी त्याचं मूळ खणलं, तर ते १९८६ च्या 'सायकॉलॉजी टुडे' मासिकातल्या एका लेखातलं, पुरावा न दिलेलं, नुसतं विधान निघालं. सरकारची स्वतःची आकडेवारी अशी: १९९४ मध्ये सुटलेल्यांपैकी ५.३ टक्के तीन वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात पकडले गेले. २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी नऊ वर्षांत ७.७ टक्के. हे फक्त पकडले गेलेले, हे मलाही कळतं. आमचा माणूस तर एकदाही पकडला गेला नाही. पण तेच तर म्हणतेय ना मी! जो एकदाही पकडला गेला नाही तो कोणत्याच यादीत नसतो, उघड्याही आणि बंदही.

भारतात चित्र वेगळं आहे असं समजू नका. २००७ च्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या बलात्काराच्या तक्रारींत तर दरवर्षी दहातले नऊहून जास्त आरोपी ओळखीचे असतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मी वर त्या माणसाचं नाव का लिहिलं नाही? मेलेल्या माणसाला मी भीत नाही. पण त्याचं नाव लिहिलं की ग्रुपवरचे सगळे बोटं मोजायला लागतील: तेव्हा घरात कोण होत्या, कोण किती वर्षांची होती. पुरुषाचं नाव लिहिलं की मुलीचं नाव आपोआप लिहिलं जातं. पॉक्सोच्या २३ व्या कलमाने आणि न्यायसंहितेच्या ७२ व्या कलमाने पीडितेची ओळख उघड करायला बंदी आहे. मग बापाचं, काकाचं, आजोबाचं नाव, पत्ता आणि 'अल्पवयीन मुलीवर' असं कलम चव्हाट्यावर लावलं की त्या घरातल्या मुलीची ओळख लपली कुठे? कोल्हापूरच्या नाहीतर कराडच्या एखाद्या गल्लीत हे लावून बघा.

न्यू जर्सीला हे कळलेलं आहे. इथे सरसकट सगळ्यांची नावं इंटरनेटवर येत नाहीत हे दादाला माहीत नसावं. कमी, मध्यम, जास्त धोका अशा तीन पायऱ्या आहेत आणि सगळ्यात खालच्या पायरीची माहिती पोलिसांकडेच राहते. मधल्या पायरीतल्या माणसाने घरातल्याच मुलावर गुन्हा केला असेल, आणि तेवढा एकच गुन्हा असेल, तर त्याचं नावही साधारणपणे इंटरनेटवर टाकत नाहीत. मुलाची ओळख फुटू नये म्हणून. कारण अगदी बरोबर आहे. पण परिणाम काय होतो बघा. जो प्रकार सगळ्यात जास्त घडतो, नेमका तोच यादीत दिसत नाही, आणि दिसून चालणारही नाही! मी २०११ च्या त्या संध्याकाळी कुकर शोधायचा सोडून जे वाचत होते त्यात माझ्या घरातल्यासारखा माणूस मला सापडलाच नसता.

आणि आईचा विचार करा. आज पोलिसांत जायचं म्हणजे नवऱ्याला किंवा दिराला तुरुंगात पाठवायचं, एवढ्यानेच बायका मागे फिरतात. उद्या त्याचं नाव, फोटो आणि घरचा पत्ता जन्मभर फोनवर दिसणार असं कळलं, की माझ्या आईसारखी आणखी एक आई वेणी घालत बसेल. आपल्याकडे 'घराण्याची अब्रू' एवढ्याशा गोष्टीने जाते. ती सरकारी साइटवर जाणार म्हटल्यावर किती तोंडं आणखी बंद होतील?

जमावाबद्दल थोडक्यात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. १ जुलै २०१८ ला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. फोनवर फिरणाऱ्या अफवांनी. तेव्हा पत्ता नव्हता, फोटो नव्हता, सरकारी शिक्का नव्हता. मावशी, चौक म्हणजे हे असतं. आणि तुमच्या यादीत कोण कोण असेल? पॉक्सोमध्ये अठराच्या आतली संमती संमती नसते, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पळून गेलेला एकोणीस वर्षांचा पोरगाही त्याच कायद्यात अडकतो, बहुतेक वेळा मुलीच्या घरच्यांच्या तक्रारीवरून. जात वेगळी असेल तर विचारायलाच नको. आपल्या घरातलं पळून जाऊन झालेलं एक लग्न आठवा. तेव्हा पॉक्सो असता तर आज ज्यांना आपण 'भावोजी' म्हणतो ते साताऱ्यात यादीवर असते, त्या माणसाच्या ओसरीसमोर.

इथेही लोकांना हे हळूहळू उमगतंय. कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये देशात सगळ्यात आधी नोंदणी सुरू केली. तिथे एकदा नाव गेलं की जन्मभर, गुन्हा कोणताही असो. एक लाखाच्या वर नावं झाली. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षं, वीस वर्षं आणि जन्मभर अशा तीन पायऱ्या आल्या. हा बदल मागणाऱ्यांत लॉस एंजेलिसच्या तेव्हाच्या जिल्हा सरकारी वकील जॅकी लेसी होत्या. गुन्हेगारांना तुरुंगात धाडणं हेच ज्यांचं काम, त्या सांगत होत्या की एवढ्या गर्दीत खरा धोक्याचा माणूस पोलिसांना दिसत नाही. मायामीत तर शाळा-बागांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहायचं नाही अशी अट घातल्यावर राहायला जागाच उरली नाही, आणि हे लोक समुद्रातल्या एका पुलाखाली तंबू ठोकून राहिले, २०१० पर्यंत. ज्याला धड पत्ताच नाही त्याच्यावर नजर ठेवायची तरी कशी? न्यू जर्सीतल्या गावांनीही असेच नियम केले होते, ते इथल्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये रद्द केले, आणि २०१८ मध्ये अल्पवयात गुन्हा केलेल्यांना जन्मभर यादीत अडकवणंही घटनाबाह्य ठरवलं. ज्यांच्याकडून आपण नक्कल करायला निघालोय ते स्वतः उत्तर खोडून पुन्हा लिहितायत.

पोलिसांकडे यादी असू दे, हे मी शंभर वेळा म्हणेन. शाळेत, वसतिगृहात, क्लासमध्ये कुणाला ठेवायचं असेल तर पोलिसांकडून तपासून घ्या. २०२० च्या पॉक्सो नियमांत हे लिहिलेलंच आहे, आणि किती संस्था करतात ते विचारायला एखादं निवेदन काढा, पहिली सही माझी.

मावशीने बदलापूरचं लिहिलं होतं. ऑगस्ट २०२४ मधलं. त्या दोन चिमुकल्या मुलींच्या बाबतीत काय झालं ते आठवा. मुलींनी घरी सांगितलं. घरच्यांनी ऐकलं, विश्वास ठेवला, आणि ते पोलिसांत गेले. एवढंच आपल्याला १९८४ मध्ये जमलं नव्हतं. त्यानंतर त्यांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं, शाळेने पोलिसांना कळवलं नाही म्हणून शाळेच्या चालकांवर गुन्हा दाखल झाला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आणि सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, खटला चालायच्या आधी. यात उघड्या यादीने काय सुधारलं असतं ते मला कुणीतरी समजावून सांगा. ज्यांना माहीत होतं त्यांनी कळवणं, हेच अडलं होतं.

आणि त्याचा कायदा आहे बरं का. पॉक्सोचं १९ वं कलम, २०१२ पासून. असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला माहीत असेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. शाळा, डॉक्टर, मामी, मामेभाऊ, सगळ्यांनी. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. न्यू जर्सीतही असंच आहे, कळवण्याची जबाबदारी फक्त शिक्षक-डॉक्टरांवर नाही, प्रत्येकावर आहे. दादा, अमेरिकेचं काही हवंच असेल तर हे घे. घ्यायचीही गरज नाही, तुझ्याकडे आहेच. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबरही आहे. ग्रुपवर निवेदनाऐवजी तो टाकला असतास तर मी पहिल्या मिनिटाला अंगठा दाखवला असता.

२०१२ नंतर तो माणूस आणखी दोन वर्षं जगला. त्या दोन वर्षांत घरात तीन लहान मुली होत्या, त्यांतली एक सुट्टीपुरती आलेली माझी. कायदा तुम्हा सगळ्यांना लागू होता आणि मला पण.

तर सही नाही. रागवा, ग्रुपमधून काढा, काय करायचं ते करा. डिसेंबरमध्ये मी येतेय, धाकट्याच्या मुंजीला, लेकही येणार आहे. ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि तिला सगळं माहीत आहे. दिवाणखान्यात आजी-आजोबांच्या शेजारी त्यांचा हार घातलेला फोटो आहे. मी येईन त्या दिवशी तो भिंतीवर नको. मामीला फोन केला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खिळ्याचा डाग दिसेल गं." मी म्हटलं, दिसू दे.